पांढऱ्या सोन्यातलं निकेल काढून पॅलेडियम घातलं, त्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

काल रात्री विट्याहून ताईचा फोन आला. अंगठीखालची कातडी परत फुटली आहे. "तू पॉलिश करून दिलंस, चार महिने बरं होतं. आता परत लाल झालंय. रात्री झोपेत खाजवते आणि सकाळी रक्त आलेलं दिसतं. काढून डब्यात ठेवलीय." अंगठी माझ्याच हातची, तिच्या साखरपुड्याची. १८ कॅरेट पांढरं सोनं, आणि पांढरेपणासाठी त्यात निकेल. वरचा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा थर झिजला की निकेल घामात उतरतं, कातडीला लागतं आणि खाज सुटते. ऱ्होडियम परत चढवलं की थांबते, झिजलं की परत सुरू होते. सहा वर्षं हेच चाललंय. आता तिची अंगठी निकेलऐवजी पॅलेडियम घालून करून द्यायची.

आम्ही गलाईवाले. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, तसेच आबा इथे कोइमतूरला आले. मी गाळण्याबरोबर अलॉय, म्हणजे मिश्रधातू, करून देण्याचंही काम करतो. पॅलेडियमला, म्हणजे प्लॅटिनमच्या जातीच्या त्या धातूला, मात्र आजवर हात लावला नव्हता. गिऱ्हाइकं विचारतात, मी "महाग पडतं" म्हणून विषय मिटवतो. परदेशी माल पाठवणारा एक कारखानदारही दोन वर्षं मागे लागलाय, कारण युरोपात १९९४ पासून यावर नियम आहे. दागिन्यातून दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. कान टोचून घालायच्या तारेला ही मर्यादा ०.२ आहे.

ठरवलं ते असं: एकाच चोख सोन्यातून वीस-वीस ग्रॅमचे दोन घाणे करायचे, एक निकेलचा, एक पॅलेडियमचा. निकेलचाही घाणा स्वतः करायचा, कारण आजवर तयार दाणे आणून घातले. त्यात काय चालतं ते मलाही नीट बघायचंय.

खरेदी: झवेरी बाजारातून पॅलेडियम १० ग्रॅम, सगळं धरून ३०,५०० रुपये. निकेल इथल्याच प्लेटिंगच्या सामानाच्या दुकानातून अर्धा किलो, ८०० रुपये.

८ जानेवारी, सोमवार

सोन्यात घालण्याआधी दोन्ही धातू नुसते तपासले. दिसायला भावंडं आहेत, टेबलावर शेजारी ठेवले तर पटकन ओळखू येणार नाहीत. निकेलला अंगात किंचित पिवळसर झाक, पॅलेडियम थोडं करडं.

काट्यावर पाण्यातलं वजन घेतलं. दहा ग्रॅम निकेलने १.१२ ग्रॅम पाणी सारलं, म्हणजे घनता ८.९. दहा ग्रॅम पॅलेडियमने ०.८३, म्हणजे १२. हा फरक पुढे खिशाला लागणार आहे.

चुंबक लावला. निकेल लोखंडासारखं चिकटलं, पॅलेडियम ढिम्म. मग चुंबकाला चिकटलेल्या निकेलच्या पातळ पट्टीच्या टोकाला ज्योत दिली. साडेतीनशे अंशांच्या पुढे निकेलचं चुंबकत्व जातं, पट्टी आपोआप सुटून टपकन फरशीवर पडली. गार झाल्यावर परत चिकटली. आमच्याकडचा शिकाऊ मुलगा हे पाच वेळा करत बसला, मीही त्याला थांबवलं नाही.

आता आग. दोन्ही तुकडे उघड्या ज्योतीत लाल केले. निकेलवर करडी-हिरवट काजळी धरली, गार झाल्यावरही तशीच राहिली, ॲसिडशिवाय निघाली नाही. पॅलेडियम तापताना आधी निळं, मग जांभळं झालं. माझ्या पोटात गोळा आला, तीस हजारांचा माल खराब केला असं वाटलं. ताप आणखी वाढवला तर रंग हळूहळू उडाला आणि धातू लख्ख झाला. लाल असतानाच पाण्यात बुडवला, पांढराच बाहेर आला. सावकाश गार होऊ दिला की जांभळट साय परत येते. म्हणजे त्याचा गंज साधारण आठशे अंशांवर टिकत नाही, खाली येताना धरतो. हे ज्याला माहीत नाही तो घाबरून घासायला बसेल.

१० जानेवारी, बुधवार

निकेलचा घाणा. चोख सोनं १५ ग्रॅम, निकेल ३.३, तांबं ०.७, जस्त १.०.

निकेल स्वतः १४५५ अंशांना वितळतं, सोनं १०६४ ला. म्हणून वाटलं होतं की निकेल शेवटपर्यंत तळाशी दगडासारखं बसेल. झालं उलटंच. सोनं पाणी झालं आणि निकेलचे तुकडे त्यात साखरेसारखे विरघळले. सोन्यात साधारण अठरा टक्के निकेल असलं तर ते मिश्रण ९५५ अंशांनाच वितळतं, नुसत्या सोन्यापेक्षा शंभर अंश आधी.

चूक जस्ताची. सगळं एकदम मुशीत टाकलं होतं. जस्त ९०७ अंशांना उकळतं. सोनं वितळायच्या आधीच पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि छपरापर्यंत गेला. पंखा लावून सगळे बाहेर पळालो. हा धूर छातीत गेला तर रात्री ताप भरतो, आबांना तरुणपणी एकदा भरला होता. कांब भरली १९.७१ ग्रॅम. २९ सेंटिग्रॅम घट, बहुतेक सगळी जस्ताची. म्हणजे टंच (हजारात चोख सोनं किती तो आकडा) ७५० ऐवजी ७६१ च्या घरात गेला. गिऱ्हाइकाचं काम असतं तर हजारात अकरा भाग सोनं मी फुकट दिलं असतं.

पाण्यातलं वजन घेतलं, घनता १४.६.

११ जानेवारी, गुरुवार

कांब पत्रा दाबायच्या मशीनवर घातली. तिसऱ्या फेरीला कडा फाटल्या. काल ओतल्यावर कांब साच्यातच सावकाश गार होऊ दिली होती. निकेलच्या सोन्याला हे चालत नाही. ८१० अंशांच्या वर सोनं आणि निकेल कुठल्याही प्रमाणात एकजीव राहतात, त्याखाली सावकाश आले की आतल्या आत एकमेकांपासून सुटू लागतात आणि धातू कडक, ठिसूळ होतो.

परत वितळवली. ताव दिला, म्हणजे मऊ करायला लाल तापवली, आणि या वेळी भडक लाल असतानाच पाण्यात टाकली. चर्र आवाज झाला. भिंगाखाली बघितलं तर केसासारखी चीर, आडवी. एकदम गार झाल्याच्या धक्क्यानेच फुटली.

तिसऱ्यांदा: ताव दिला, लोखंडी ठोकळ्यावर ठेवली, लाली गेली आणि काळी दिसू लागली त्या क्षणी पाण्यात. हे जमलं. कांब निम्मी होईपर्यंत बरी चालली, मग कडेला बारीक भेगा दिसू लागल्या. आधीपेक्षा कमी, पण भेगा त्या भेगाच.

१३ जानेवारी, शनिवार

भेगांचं कारण सापडलं. प्लेटिंगच्या दुकानातून आणलेलं निकेल गोल बिस्किटांचं आहे. प्लेटिंगच्या टाकीत निकेल सारखं विरघळावं म्हणून काही बिस्किटांत मुद्दाम चिमूटभर गंधक घातलेलं असतं. टाकीत ते उपयोगाचं, मुशीत विष. गंधक निकेलशी जुळून कणांच्या सांध्यात बसतं आणि दाबलं की धातू सांध्यावर उकलतो. दुकानदाराचा दोष नाही, मी काय करणार हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

बिनगंधकाचं, चौकोनी कापलेलं शुद्ध निकेल मागवलं. पाव किलो, ४५० रुपये. पहिला घाणा गाळायला वेगळा ठेवला.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत, इथे पोंगल. दुकान बंद. ताईला फोन केला, तिळगूळ घे म्हणालो. बोट विचारलं. अंगठी काढल्यापासून कातडी वाळत आलीय म्हणाली.

१७ जानेवारी, बुधवार

निकेलचा दुसरा घाणा, नवीन निकेल घालून. आधी निकेल आणि तांबं सोन्यात विरघळवलं, वर टाकणखार, आणि जस्त सोन्याच्या पातळ पत्र्यात गुंडाळून सगळ्यात शेवटी आत दाबलं. धूर आला, पण थोडाच. कांब १९.९३. लाली जाईपर्यंत ठोकळ्यावर, मग पाण्यात. मशीनवर अर्धी, परत ताव, परत अर्धी. एकही भेग नाही. पत्रा हातात घेऊन वाकवला तर स्प्रिंगसारखा परत येतो. कारखानदार निकेल का सोडत नाहीत ते या एका झटक्यात कळतं.

१९ जानेवारी, शुक्रवार

पॅलेडियमचा घाणा. सोनं १५, पॅलेडियम ३, चांदी २.

या दिवशी जे जे चुकलं ते परवाच्या हाताने केल्यामुळे चुकलं. मूस तीच, ग्राफाइटची. ज्योत तीच, मऊ, गॅस जास्त आणि ऑक्सिजन कमी, कारण निकेल अशा ज्योतीत काळं पडत नाही. साच्याचा तावही तोच.

पहिली गोष्ट म्हणजे वितळेना. निकेल सोन्याचा वितळायचा ताप खाली ओढतं, पॅलेडियम तो वर नेतं. हे मिश्रण पाणी व्हायला १३०० अंशांच्या आसपास जावं लागतं. वीस मिनिटं ज्योत धरून बसलो. मुशीत बघवत नव्हतं, डोळ्यांसमोर हिरवे ठिपके नाचायला लागले. शेवटी शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून काळा चष्मा आणला तेव्हा कुठे धातूची हालचाल दिसली. चष्म्याशिवाय हे काम कोणी करू नये.

ओतलं. वर गार होताना कांबेचं तोंड फुगलं आणि दोन ठिकाणी फुटून थेंब उडाले. कांब १९.८६ ग्रॅम. पाण्यात वजन घेतलं तर १८.६० भरलं, म्हणजे घनता १५.७६. हिशोबाने १६.४ यायला हवी होती. आत पोकळी आहे. कानस लावली तर खरंच, सुईच्या टोकाएवढी भोकं, मधाच्या पोळ्यासारखी.

पॅलेडियम हायड्रोजन पितं. नुसतं पॅलेडियम तर आपल्या आकाराच्या नऊशे पट हायड्रोजन पोटात घेऊ शकतं, थॉमस ग्रॅहमने हे १८६६ मध्येच दाखवलं होतं. मी मऊ ज्योतीत, म्हणजे जळायच्या राहिलेल्या वायूतच, वीस मिनिटं त्याला भिजवत ठेवलं. वितळलेलं असताना वायू आत, गोठताना बाहेर. वर ग्राफाइटच्या मुशीतला कार्बनही त्याला चालत नाही.

२२ जानेवारी, सोमवार

सिलिकाची मूस आणली, १,४०० रुपये. ज्योतीत ऑक्सिजन थोडा जास्त ठेवला, ज्योत बारीक आणि टोकदार, आवाज करणारी. कांब तुकडे करून तीच परत वितळवली. पाणी झाल्याबरोबर एकदा ढवळून लगेच ओतलं, मुशीत रेंगाळू दिलं नाही. तोंड फुगलं नाही, मधोमध छान खळी पडली. अशी खळी दिसली की जीव भांड्यात पडतो, कारण धातू आवळून गोठला की वायू आत राहिलेला नसतो. घनता १६.४.

मग मशीन. निकेलच्या पत्र्यानंतर हे म्हणजे पुरणाची कणीक. सत्तर टक्के दाबला तरी ताव मागितला नाही. कडा गुळगुळीत. ताव दिल्यावर पाण्यात घाला की वाऱ्यावर ठेवा, काही फरक पडत नाही. पॅलेडियमचा अणू सोन्याच्या अणूएवढाच, थोडा लहान, त्यामुळे तो सोन्यात बिनतक्रार बसतो. निकेलचा अणू बराच लहान, तो शेजाऱ्यांना ओढून धरतो. कडकपणा त्यातूनच येतो आणि कटकटही.

२४ जानेवारी, बुधवार

इथे पंप-मोटारींचे कारखाने भरपूर, त्यामुळे धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. ताव दिलेले दोन तुकडे दिले, ६०० रुपये. विकर्स कडकपणा (आकडा मोठा तितका धातू कडक): निकेलचं सोनं २२४, पॅलेडियमचं ९८. निम्म्याहून कमी. चुंबक तिथेच लावून बघितला, दोन्हीपैकी एकालाही चिकटला नाही. सोन्यात मिसळल्यावर निकेलचं चुंबकत्व गेलं, म्हणून चुंबक लावून "यात निकेल नाही" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कडकपणाचा अर्थ खडा बसवणाऱ्या मामांनी दोन मिनिटांत सांगितला. दोन्ही पत्र्यांच्या खडा धरायच्या बारीक नख्या करून दिल्या. पॅलेडियमची नखी खड्यावर लोण्यासारखी बसली. निकेलची ढकलायला जोर लागला आणि खडा फुटायची भीती. पण मामा म्हणाले, "बसायला सोपी ती उठायलाही सोपी. नखी जाड ठेवा, नाहीतर बाईच्या ओढणीत अडकून वर येईल." ताईच्या अंगठीला एकच खडा आहे. नख्या पाव मिलिमीटरने जास्त जाड करायचं ठरलं.

२९ जानेवारी, सोमवार

आजचा दिवस वाया गेला, त्याआधीचे चारही. ताईच्या अंगठीचा रबरी साचा माझ्याकडे होता. मेणाची अंगठी काढली, नेहमीच्या जिप्समच्या प्लास्टरमध्ये बसवली, भट्टीत मेण जाळलं आणि नऊ ग्रॅम पॅलेडियमचं सोनं ओतलं. डबा फोडताना विझलेल्या काडेपेटीचा वास आला. अंगठी बाहेर आली ती काळी, अंगभर देवीच्या व्रणांसारखे खड्डे, एका बाजूला नखी भरलीच नाही.

नेहमीचं सोनं हजार-अकराशे अंशांना ओततो, तिथपर्यंत जिप्सम टिकतं. हे सोनं त्याहून दोनशे-तीनशे अंश जास्त तापलेलं. जिप्सम म्हणजे शेवटी कॅल्शियम आणि गंधक. एवढ्या तापात ते फुटतं आणि गंधकाचा वायू धातूत घुसतो. प्लॅटिनमवाले वापरतात ते फॉस्फेटवालं प्लास्टर हवं होतं. चौकशी केली तर पूर्ण गोणीच घ्यावी लागते, आणि जळणाचं वेळापत्रकही वेगळं. एका अंगठीसाठी नाही परवडत. ती नऊ ग्रॅम गाळायला.

उरलेल्या पावणेअकरा ग्रॅममधून अंगठी हाताने घडवायची. आधीच तसं करायला हवं होतं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्र्याची पट्टी कापली, जुन्या अंगठीच्या मापाची, तीच रुंदी आणि तीच जाडी. सळईवर वाकवली, तोंडं जुळवली, पांढरा डाक (सांधा जोडायचा, लवकर वितळणारा धातू) लावला. सांधा दिसेना इतका सुरेख बसला. खड्याचं घर वेगळं घडवून तेही डाकाने जोडलं. घासून, बफ मारून अंगठी दिव्याखाली धरली. रंग निकेलच्या अंगठीपेक्षा थोडा करडा, पावसाळी आभाळासारखा, पण पिवळी झाक अजिबात नाही. ऱ्होडियमशिवायही चालून जाईल. मला तर हाच रंग जास्त आवडला.

जुनी अंगठी ४.२० ग्रॅम होती. ही, नख्या जाड करायच्या आधी, ४.७२. माप तेच, वजन अर्धा ग्रॅम जास्त. घनतेचा फरक तो हाच. हिशोब केला: यात ०.७१ ग्रॅम पॅलेडियम, साधारण २,१५० रुपये. आणि वजन वाढल्यामुळे चोख सोनं ०.३९ ग्रॅम जास्त, ग्रॅमला ६,३०० धरले तर २,४५० रुपये. म्हणजे पॅलेडियमपेक्षा जास्तीचं सोनंच महाग पडलं. गिऱ्हाइकाला भाव सांगताना हे बहुतेक जण विसरतात आणि मग मजुरीतून भरतात.

५ फेब्रुवारी, सोमवार

पाठवायच्या आधी निकेलची चाचणी केली. डायमिथाइलग्लायॉक्झिम नावाची पांढरी पूड स्पिरिटमध्ये विरघळवायची, शंभराला एक, आणि सोबत अमोनिया. कापसाच्या काडीवर दोन्हींचे दोन-दोन थेंब घेऊन दागिन्यावर अर्धा मिनिट चोळायचं. निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो.

आधी ताईची जुनी अंगठी घेतली, तिने कुरिअरने पाठवली होती. आतल्या बाजूने चोळली. दहा सेकंदांत कापूस गुलाबी, अर्ध्या मिनिटात पिकल्या पेरूच्या गरासारखा. सहा वर्षं हे तिच्या बोटाला लागत होतं. काडी बराच वेळ हातात धरून बसलो.

मग नवीन. पट्टीवर चोळली, पांढरा. घरावर, पांढरा. मग सांध्यावर चोळली आणि कापसाच्या टोकाला फिकट गुलाबी रेघ आली. दुसरी काडी घेतली, परत तेच.

डाक! खणातला पांढरा डाक निकेलचाच आहे. वर्षानुवर्षं तोच वापरतोय, हात आपोआप त्याच डबीकडे गेला. सगळी अंगठी बिननिकेलची केली आणि बोटाला सर्वात जास्त घासणाऱ्या जागी, आतल्या सांध्यावर, निकेल भरून ठेवलं. चाचणी केली नसती तर ताईला मी "यात निकेल नाही" असं छातीठोक सांगितलं असतं.

हे काम करणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो: अंगठी नव्हे, सांधा तपासा.

७ फेब्रुवारी, बुधवार

सांधे करवतीने कापले, दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा मिलिमीटर भाग काढून टाकला, नुसता डाक तापवून झटकला तर थोडा आत मुरलेला राहतोच. अंगठी एका मापाने लहान झाली, म्हणून पट्टी थोडी लांबवली. पॅलेडियमचा, निकेल नसलेला १८ कॅरेट डाक मागवलाय, एक ग्रॅम. निकेलच्या डाकाच्या डबीवर लाल चिकटपट्टी लावली आणि ती दुसऱ्या कपाटात ठेवली.

तोवर गाळायचं काम काढलं. पहिला निकेलचा घाणा आणि ओतीत बिघडलेलं पॅलेडियमचं सोनं, दोन वेगळ्या भांड्यांत. रीत नेहमीची: तिप्पट चांदी घालून गाळलं, रवा, म्हणजे बारीक दाणे, केला आणि नायट्रिक ॲसिडमध्ये उकळलं. निकेलच्या भांड्यातलं ॲसिड हिरवं-निळं झालं. पॅलेडियमचं आधी पिवळं, मग नारिंगी, शेवटी कोऱ्या चहासारखं तपकिरी.

आबा मागे येऊन उभे राहिले. आता डोळ्यांना कमी दिसतं, पण भांडं उजेडात धरून म्हणाले, "आरं, हा रंग मी पायलाय. जुन्या दातांचं सोनं यायचं, तवा आसंच पानी निघायचं." दंतवैद्यांच्या सोन्यात पॅलेडियम असायचं, त्यांना नाव माहीत नव्हतं इतकंच. मी विचारलं, "आबा, त्या पाण्याचं काय करायचा तुम्ही?" म्हणाले, "मीठ टाकून चांदी बसवायची, वरचं पानी मोरीत."

ते ऐकून वाईट वाटलं. मिठाने फक्त चांदी खाली बसते. पॅलेडियम वरच्या पाण्यात तसंच राहतं. मी नऊ ग्रॅममधलं १.३५ ग्रॅम, म्हणजे चार हजार रुपये, त्याच मोरीत ओतणार होतो. त्या पाण्याचा एक थेंब काचेवर घेऊन तीच डायमिथाइलग्लायॉक्झिम टाकली, या वेळी अमोनियाशिवाय. पिवळा धमक साका आला. एकच पूड, अमोनियात निकेलला गुलाबी करते आणि ॲसिडमध्ये पॅलेडियमला पिवळं. मग चांदी गाळून घेऊन उरलेल्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली. सकाळपर्यंत पट्टीवर काळी मखमल धरली. तेच पॅलेडियम.

निकेलच्या हिरव्या पाण्यात कॉस्टिक सोडा टाकून हिरवा गाळ खाली बसवला, बरणीत भरला, चिठ्ठी लावली. तो मोरीत घालायचा नाही. निकेलचे क्षार माणसाला आणि पाण्याला दोघांना घातक, आणि इथलं सांडपाणी शेवटी नोय्यल नदीला मिळतं. बरणी रासायनिक कचरा नेणाऱ्याला द्यायची.

१२ फेब्रुवारी, सोमवार

डाक आला. निकेलच्या डाकापेक्षा बराच उशिरा वितळतो, आणि वितळला की एकदम धावतो. पहिल्या सांध्याला ताप कमी पडला, डाक गोळी होऊन बसला. दुसऱ्यांदा ज्योत धारदार केली, पूर्ण अंगठी सारखी तापवली आणि मग सांध्यावर आणली. धावला. घर जोडताना पहिला सांधा सुटू नये म्हणून त्यावर गेरू लावला.

मामांनी खडा बसवला. नख्यांसह वजन ४.८१.

एक सवड मिळाली म्हणून मुलाला सांगत बसलो: हे दोन्ही धातू पुष्कळदा एकाच दगडातून निघतात. रशियातल्या नोरिल्स्कला निकेलसाठी खाण खणतात आणि त्यातच पॅलेडियम मिळतं, जगात सर्वात जास्त तिथलंच. म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर मार्चमध्ये दोन्हींचे भाव एकाच आठवड्यात भडकले. लंडनच्या बाजारात निकेल टनाला लाख डॉलरच्या वर गेलं आणि व्यवहार बंद करावे लागले, पॅलेडियमने औंसाला तीन हजार डॉलर ओलांडले. एका खाणीतली दोन लेकरं, पण आमच्या टेबलावर आल्यावर एकाचं शिक्षण दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

चाचणी, पाच काड्या: पट्टी, आतली बाजू, सांधा, घराचा सांधा, नख्या. प्रत्येकी पूर्ण मिनिट. पाचही पांढऱ्या. सांध्याला सहावी काडी लावली, घाम असेल तसा म्हणून आधी मिठाचं कोमट पाणी लावून रात्रभर ठेवून. पांढरी. हॉलमार्क केंद्रात यंत्राखाली ठेवली: सोनं ७५२, निकेलच्या रकान्यात शून्य. काड्या पाकिटात घालून अंगठीसोबत ठेवल्या.

खर्च, सोनं सोडून: पॅलेडियम ३०,५०० (निम्म्याहून जास्त अजून शिल्लक, काळी पूड धरून), दोन्ही निकेल १,२५०, मूस १,४००, डाक ५,९००, प्रयोगशाळा ६००, चाचणीची रसायनं ७५०. वेळ: सहा आठवडे, त्यातले अंगठीचे खरे दिवस चार. परत करायची झाली तर तीन दिवसांत होईल.

९ मार्च, शनिवार

ताईने तीन आठवडे अंगठी सलग घातली. भांडी घासताना, अंघोळीला, काढलीच नाही, मीच तसं सांगितलं होतं. काल बोटाचा फोटो पाठवला. अंगठीच्या जागी कातडी बाकीच्या बोटासारखीच आहे, नुसता दाबाचा पांढरा वळ. नखीवर एक बारीक ओरखडा दिसतोय, मामांचं म्हणणं खरं आहे, दिवाळीला आली की नख्या बघून द्यायच्या.

कारखानदाराला फोन करून पन्नास ग्रॅमचा नमुना कबूल केला. त्याआधी फॉस्फेटच्या प्लास्टरची गोणी आणायची, आणि तांब्याच्या पट्टीवरची काळी पूड धुऊन सिलिकाच्या मुशीत गाळायची आहे.